एकाहत्तर वर्षांच्या आईला डोक्याला मशीन लावायचा उपचार द्यावा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७१ वर्षांची, आर्णी तालुक्यातल्या गावात धाकट्या भावाजवळ राहते. वडील जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून तिचं कशातच मन नाही. रात्री अडीचला जाग येते, मग उजाडेपर्यंत ती छताकडे बघत पडून असते. दीड वर्ष गोळ्या सुरू आहेत, फरक 'थोडाफार'. नागपूरच्या एका नातेवाइकाने सांगितलं की डोक्याला मशीन लावून, भूल न देता, नैराश्य बरं करतात. पुण्यातला तुमचा मित्र म्हणतो, तसला हेडसेट ऑनलाइन मिळतो, आईला घरीच लावा. तुम्ही विचारता: या वयात हे चालेल का, स्मरणशक्ती जाईल का, आणि 'शॉक' म्हणतात तो हाच का?

मी यवतमाळ जिल्ह्यात बावीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या दवाखान्यात हे मशीन नाही. शिकताना ते हाताळलं आहे, आणि आता ज्यांना गरज वाटते त्यांना नागपूरला पाठवते, परत आले की पुढची वर्षं मीच बघते. त्यामुळे उपचाराआधीचं आणि नंतरचं माणूस मला नीट दिसतं. त्या अनुभवावरून सांगते.

वयाची काळजी आधी बाजूला ठेवू. ७१ हे वय या उपचाराच्या आड येत नाही. तुम्हाला विचार करावा लागेल तो दुसऱ्याच दोन गोष्टींचा. आईची औषधं खरोखर पुरेशी देऊन झाली आहेत का? आणि झाली असतील, तर महिना-दीड महिना नागपुरात तिच्याजवळ कोण राहील?

नातेवाइकाने सांगितलेला उपचार बहुधा आरटीएमएस असावा, म्हणजे पुन्हापुन्हा दिलेले चुंबकीय ठोके. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी न उघडता, चुंबकाने मेंदू उद्दीपित करून दाखवला. नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये या मशीनला मान्यता दिली. तत्त्व शाळेत शिकलेलंच आहे. तारेच्या वेटोळ्यातून वीज झटकन सोडली की क्षणभर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हाडातून सहज आत जातं आणि खालच्या मेंदूच्या पेशींत अगदी बारीकसा प्रवाह निर्माण करतं. नैराश्यात कपाळाच्या मागचा डावा भाग, जिथून आपण मनाला आवर घालतो, बेत आखतो, कामाला उठतो, तो मंदावलेला असतो. त्या भागाला आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे असे ठोके देत राहिलं की तो आणि त्याला जोडलेली मेंदूतली जाळी हळूहळू पुन्हा कामाला लागतात.

समोर काय घडतं ते सांगते, म्हणजे आईला समजावता येईल. दात काढायच्या खुर्चीसारख्या खुर्चीत बसवतात. कानात बोळे घालतात, कारण आवाज मोठा असतो, सुतारपक्षी टोचावा तसा टक्‌टक्‌टक्‌. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल, म्हणजे ते तारेचं वेटोळं, डोक्याला टेकवतात. पहिल्या दिवशी ती आधी थोडी मागे, हात हलवणाऱ्या भागावर ठेवतात आणि एकेक ठोका देऊन उजव्या हाताकडे बघत बसतात. एका ठरावीक जोराला अंगठा आपोआप उडतो. माणूस स्वतः हलवत नाही, तरी अंगठा टुणकन वर येतो. शिकत असताना एका आजीने तो उडालेला अंगठा दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि मला म्हणाल्या, "बाई, हे कोन करून रायलं?" त्या अंगठ्यावरूनच आपल्याला कळतं की या माणसाच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचायला किती जोर लागतो. उपचाराचा जोर त्या हिशेबाने ठरतो. मग कॉइल पुढे सरकवून खरा उपचार सुरू होतो. भूल नाही, उपाशी राहणं नाही, माणूस पूर्ण जागा असतो आणि उठून चालत बाहेर येतो. डोकं दुखणं, टेकवलेल्या जागी टोचल्यासारखं होणं, पापणी फडफडणं हे त्रास होतात, पहिल्या आठवड्यात जास्त. स्मरणशक्ती जात नाही.

वयाचा संबंध इथे या जोराशी येतो. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटीपासून त्याचं अंतर वाढतं. चुंबकाचा जोर तर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. सुरुवातीच्या काळातल्या अभ्यासांत म्हाताऱ्या माणसांना फायदा कमी दिसला, त्यामागे हे एक कारण होतं. जोर कमी पडला, ठोकेही थोडेच दिले. पुढे दोन्ही वाढवल्यावर चित्र बदललं. टोरांटोला फक्त साठीपुढच्या, औषधांनी बरं न वाटलेल्या १७२ माणसांवर एक चाचणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला जुन्या पद्धतीने ४८ मिनिटांची बैठक, दुसऱ्याला 'थीटा बर्स्ट' या नव्या पद्धतीने अवघ्या ४ मिनिटांची. दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले. यात तुलनेसाठी खोट्या, ठोके न देणाऱ्या मशीनचा तिसरा गट नव्हता, म्हणून ही चाचणी मी 'छोटी बैठक लांब बैठकीच्या तोडीची आहे' एवढंच सांगण्यासाठी वापरते. तरी आधी औषधं वाया गेलेल्या माणसासाठी तिघांत एक हा आकडा वाईट नाही. मात्र तो नीट ऐका. तिघांतले दोघे पूर्ण बरे झाले नाहीत, त्यातल्या काहींना थोडं बरं वाटलं, काहींना काहीच नाही.

आता औषधांकडे येते, कारण माझ्याकडे 'औषधाने फरक नाही' म्हणून येणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना औषध पुरेसं मिळालेलंच नसतं. गेल्या वर्षी घाटंजीकडच्या एक आजी आल्या. दोन वर्षं नैराश्याची गोळी सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम आणि रात्री अल्प्राझोलम. घरचे म्हणाले, "लई गोळ्या झाल्या, आता मशीन सांगा." सर्ट्रालिन २५ ने सुरुवात करतात, विशेषतः या वयात, ते बरोबरच आहे. पण तिथेच थांबायचं नसतं. हळूहळू ५०, गरज पडली तर १०० किंवा त्याहून वर न्यायचं, आणि पुरेशा मात्रेवर सहा ते आठ आठवडे वाट बघायची, वयस्कांत त्याहूनही जास्त. त्या आजींचा डोस दोन वर्षं कुणी वाढवलाच नव्हता. तीच चिठ्ठी दाखवून गावच्या मेडिकलमधून गोळ्या आणणं चालू होतं. आम्ही डोस वाढवला, अल्प्राझोलम अडीच महिन्यांत थोडं थोडं करून बंद केलं. चौथ्या महिन्यात आजी स्वतः चालत आल्या आणि सुनेची तक्रार सांगू लागल्या. मला फार बरं वाटलं, कारण त्याआधी त्या तक्रारही करत नव्हत्या.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या झोपेच्या, 'शांत करणाऱ्या' गोळ्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं. म्हाताऱ्या माणसांत त्यांनी तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, डोकं बधिर होतं. आणि या गोळ्या सुरू असताना आरटीएमएसचा फायदा कमी दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. मशीनला नेण्याआधी त्या कमी करता येतात का हे आईच्या डॉक्टरांना विचारा. एकदम बंद मात्र कधीच करू नका, त्याने फिट येऊ शकते.

दुसरी तपासणी रक्ताची. आईला बीपीची गोळी असेल आणि त्यात लघवी वाढवणारं औषध असेल, सोबत नैराश्याची गोळी, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. सोडियम कमी झालं की माणूस सुस्त, गोंधळलेलं, चिडकं होतं, आणि घरच्यांना वाटतं नैराश्य वाढलं. मशीनच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं. या उपचाराचा मुख्य गंभीर धोका म्हणजे फिट येणं. तो फार क्वचित असतो, पण कमी सोडियम, रात्रभर जागरण, दारू आणि काही औषधं हा धोका वाढवतात. दम्याच्या जुन्या रुग्णांना थिओफिलिन असतं, ते त्यातलंच. शिवाय थायरॉइड आणि बी१२ बघा. आपल्याकडे शाकाहारी, त्यातून चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायकांत बी१२ कमी निघणं मी सतत बघते. कानाने कमी ऐकू येत असेल तर तेही तपासा. बोललेलं कळत नाही म्हणून माणूस बोलणंच सोडतं, आणि आपण त्याला उदासी म्हणतो.

नैराश्य ओळखायलाही आपल्याकडे वेळ लागतो, कारण आपली म्हातारी माणसं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "छातीत गच्च वाट्टे", "पोटात आग पडते", "अंगात जीव नाई". वर्षभर पोटाच्या आणि मणक्याच्या डॉक्टरांकडे फिरून मग कुणीतरी इकडे पाठवतं. विसरभोळेपणाचंही तसंच. नैराश्यात लक्ष लागत नाही म्हणून विसरायला होतं, आणि ते बरं झालं की बरंचसं परत येतं. पण खरोखरच स्मृतिभ्रंश सुरू होत असेल, तर आरटीएमएस त्याचा उपाय नाही. म्हणून मशीनआधी एकदा स्मरणशक्तीची साधी चाचणी करून घ्या, कागदावर आकडा लिहून ठेवा. नंतर तुलना करता येते.

'शॉक' तो हा नाही. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात मुद्दाम फिट आणतात, ती भूल आणि स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन देऊन. भूल आणि ते इंजेक्शन न देता शॉक देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे, त्यामुळे सिनेमात बघितलेलं चित्र विसरा. आणि मी तुम्हाला ईसीटीची भीती घालणार नाही. माणसाने खाणं-पिणं टाकलं असेल, 'माझ्या अंगात किडे पडलेत', 'मी पाप केलं, मला शिक्षा होणार' असं खात्रीने म्हणत असेल, किंवा मरणाचीच भाषा असेल, तर आरटीएमएसची सहा आठवडे वाट बघणं चूक आहे. तिथे ईसीटी जास्त लवकर आणि जास्त खात्रीने काम करतं, म्हाताऱ्या माणसांत तर विशेष. काही दिवस-आठवड्यांचं विसरायला होतं, ते बहुतेकांत निवळतं. वेळेवर न केल्यामुळे गमावलेली माणसं मला आठवतात.

म्हणूनच आधी एक काम करा. आज भावाला फोन करा आणि विचारा, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय. आपल्याकडे ते बऱ्याच घरांत खाटेखाली नाहीतर न्हाणीघराच्या कोपऱ्यात असतं. ते शेतातल्या कोठीत कुलपात जाऊ दे, किल्ली भावाजवळ. आईला सरळ विचारा, "माय, जगावंसं वाटत नाही असं येतं का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळं होतं. ती हो म्हणाली तर तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-बेरात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलतात.

समजा हे सगळं बघून झालं, दोन औषधं पुरेशा मात्रेत वाया गेली, जिवाला तातडीचा धोका नाही. मग आरटीएमएस करा, मी नको म्हणणार नाही. पण आर्णीहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. बाईमाणूस म्हणून आईला एसटीत अर्धं तिकीट लागेल, पंचाहत्तरीनंतर तर फुकट, पण ७१ वर्षांच्या आजारी माणसाने रोज जाऊन-येऊन होत नाही. माझे एक पेशंट भर मे महिन्यात यवतमाळहून तसं करायला गेले. नऊ बैठका झाल्या, उन्हाने लोळागोळा झाले, सोडून दिलं. वेळ, पैसा, आशा तिन्ही गेले, आणि पुढे कुठलाच उपचार घ्यायला ते सहज तयार होईनात.

दुसरे वणीकडचे काका, वय ६८, कापसाची शेती. त्यांची भाची नागपुरात, तिच्याकडे राहिले. दहा दिवस काहीच फरक नाही, "मले घरी नेऊन सोडा" एवढंच चालू. चौदाव्या बैठकीनंतरच्या संध्याकाळी त्यांनी भाचीला विचारलं, "आज कापसाचा भाव काय निंघाला वं?" तिने तिथूनच मला फोन केला. चार महिन्यांत त्यांनी कशाचीच चौकशी केली नव्हती. तीस बैठका पूर्ण झाल्या, घरी आले, वेचणीला उभे राहिले. मग 'आता बरा आहे' म्हणून गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि अकराव्या महिन्यात पुन्हा खाली गेले. गोळ्या पुन्हा सुरू करून सावरले. मशीनने एकदा बरं वाटलं म्हणजे औषध सुटलं असं होत नाही. बहुतेकांना औषध चालू ठेवावं लागतं, काहींना अधूनमधून जादा बैठका.

तेव्हा नागपुरात किंवा वर्ध्यात कुणाकडे राहता येईल ते आधी ठरवा आणि मग तारीख घ्या. वेचणी आणि पेरणीचे दिवस टाळा, भावाचा जीव शेतात अडकलेला असेल तर आईलाच आपण ओझं झालो असं वाटेल. नागपूर, सेवाग्राम, सावंगी इथली मोठी रुग्णालयं आहेत, त्यांच्या मानसोपचार विभागात फोन करून मशीन आहे का आणि सध्या चालू आहे का, दोन्ही विचारा. खासगीत जाणार असाल तर प्रत्येक बैठकीचे पैसे किती, एकूण किती बैठका, मध्ये सोडलं तर काय, हे कागदावर घ्या. अंगठा बघून जोर ठरवतात का हे नक्की विचारा. 'सगळ्यांना एकच सेटिंग' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. 'हमखास बरं करतो' म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका. एका ठिकाणी माझ्या पेशंटकडून तीस बैठकांचे पैसे आधीच घेतले होते आणि फिटचा इतिहास कुणी विचारलाही नव्हता. त्या बाईंना लहानपणी फिट येत असत.

आईच्या डोक्यात किंवा कानात धातू आहे का ते बघा. मेंदूच्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, ऑपरेशनने कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार नाही. हृदयाचा पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला. मोतीबिंदूचं भिंग, गुडघ्याची बदललेली वाटी, दातातलं सिमेंट यांनी अडत नाही. कानाचं यंत्र त्या वेळेपुरतं काढून ठेवायचं.

राहिला मित्राचा हेडसेट. तो टीडीसीएस, वेगळी गोष्ट. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर ठेवून एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह वीस-तीस मिनिटं सोडतात. याने पेशी पेटत नाहीत, फक्त थोड्या तयारीत येतात. स्वस्त आहे, घरी करता येतं, म्हणून गावाकडच्या माणसाला मोह होणारच, मलाही फार आशा होती. पुरावा मात्र उलटसुलट आहे. ब्राझीलमधल्या २०१७ च्या मोठ्या चाचणीत ते एस्सिटॅलोप्रॅम या साध्या गोळीच्या तोडीचं आहे असं सिद्ध करता आलं नाही. जर्मनीतल्या २०२३ च्या चाचणीत चालू औषधाला जोड म्हणून दिल्यावर खोट्या यंत्रापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये घरीच, पण व्हिडिओवरून देखरेख ठेवून केलेल्या एका चाचणीत मात्र चांगला फायदा दिसला. माझं मत, औषध पुरेसं घेऊनही बरं न वाटलेल्या ७१ वर्षांच्या बाईला, डॉक्टरांच्या नजरेबाहेर, ऑनलाइन मागवलेला हेडसेट लावू नये. स्पंज सुकला की कातडी भाजते, आणि मुख्य म्हणजे त्या नादात खऱ्या उपचाराचे दोन-तीन महिने जातात.

तुम्ही आईच्या गोळ्यांची नावं लिहिलीत, मात्रा लिहिली नाही. भावाला सगळ्या स्ट्रिपचे फोटो पाठवायला सांगा, बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट. सोडियम, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी१२ तालुक्याच्या लॅबमध्ये करून घ्या. कधी फिट आली होती का, वजन किती उतरलं, पहाटे जाग येते तेव्हा ती काय विचार करत असते, हेही विचारा. एवढं इथे लिहा, मग औषध वाढवायचं की नागपूरला न्यायचं याचं नेमकं उत्तर मला देता येईल.